पोरं छान उतरवून घेतात पण शिकत नाहीत, अल्गोरिदम शिकवायचा तरी कसा?

पत्र :

सर, मी पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावातनं लिहितेय. माझं बीएस्सी कॉम्प्युटर झालंय, लग्नानंतर नोकरी केली नाही. गावच्या वाचनालयात दोन जुने कॉम्प्युटर आलेत, तर तिथल्या लोकांनी विचारलं की सुट्टीत आठवी-नववीच्या पोरांना काही शिकवाल का, मी हौसेनं हो म्हणाले. चौदा पोरं आली, नऊ मुलगे पाच मुली. पहिल्या दिवशी फळ्यावर अल्गोरिदमची व्याख्या लिहिली, मग फ्लोचार्टच्या खुणा, मग सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला पहिला प्रोग्रॅम. सगळ्यांनी वहीत छान उतरवून घेतलं. दुसऱ्या आठवड्यात सातच उरली, आणि त्यातला एक मुलगा म्हणाला, "ताई, हे परीक्षेला येणार हाय का?" मला काय बोलावं सुचेना. पोरांचं इंग्रजी कच्चं आहे, कॉम्प्युटर दोनच, दुपारी लाईट जाते. मी कुठेतरी चुकतेय एवढं कळतंय, पण कुठे ते नाही कळत. सी सोडून पायथन घेऊ का? का या वयाच्या पोरांना हे झेपणारच नाही?

उत्तर :

ताई, नमस्कार. आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो म्हंजे तुमचा जीव भांड्यात पडेल. झेपतं. आठवी-नववीच्या पोरांना झेपतं, पाचवीच्याही झेपतं, फक्त तुम्ही जिथनं सुरू केलंत तिथनं नाही. आणि यात तुम्हाला दोष देत नाहीये, आपल्याला कॉलेजात जसं शिकवलं तसंच आपण पुढे शिकवतो, मीही तेच केलंय.

मी सांगलीत विश्रामबागला एका क्लासमध्ये शिकवायला लागलो तेव्हा पहिल्या बॅचला दोन महिने व्याख्या, फ्लोचार्ट, सी असंच चालवलं होतं. त्यात एक मुलगी होती, वही इतकी सुंदर की मी बाकीच्यांना दाखवायचो. एक ते दहा आकडे छापायचा प्रोग्रॅम तिने न बघता लिहून दाखवला. मी सहज म्हणालो, बरं आता एक ते वीस छाप. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सर, तो तुम्ही दिला नाही." त्या रात्री मला झोप आली नाही. पोरीला सगळं पाठ होतं आणि त्यातलं तिचं स्वतःचं काहीच नव्हतं, आणि हे मी केलं होतं.

तेव्हापासनं मी एकच गोष्ट धरून बसलोय, ती तुम्हाला सांगतो, मग बाकीचं सगळं त्यातनंच निघेल. पोराला सगळ्यात आधी हे कळायला पाहिजे की कॉम्प्युटरला काहीही समजत नाही. तुम्ही म्हणाल हे तर पहिल्याच दिवशी सांगितलं, "कॉम्प्युटर इज अ डंब मशीन" प्रत्येक पुस्तकात असतं. हो, पण सांगून कळत नाही. पोरं मान डोलावतात आणि मनातनं मानतात की आत कोणीतरी शहाणं बसलंय, ते आपला मतलब ओळखून घेईल. आणि आता तर फोन त्यांच्याशी बोलतो, मग का मानणार नाहीत? नव्याने प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांची ही चूक कुठल्याही भाषेत तीच असते, हे शिक्षणावर अभ्यास करणाऱ्यांनी १९८० च्या दशकातच लिहून ठेवलंय. तर ही समजूत सांगून जात नाही, ती हातानं काम करून जाते. पोरालाच काही दिवस कॉम्प्युटर व्हायला लावायचं, तेवढाच आंधळा, तेवढाच मठ्ठ.

म्हणून पहिला आठवडा ते दोन्ही कॉम्प्युटर झाकून ठेवा. लाईट गेली तरी फरक पडत नाही.

आठ रिकाम्या काड्यापेट्या घ्या आणि त्यात कमीजास्त वाळू भरा, बाहेरून सगळ्या सारख्या दिसल्या पाहिजेत, वर क, ख, ग असं काहीतरी लिहा. आणि एक तागडी आणा. जुनी, दोन पारड्यांची. डिजिटल काटा अजिबात नको, तो आकडा सांगतो आणि मग खेळच संपला. तागडी मिळाली नाही तर कपड्याच्या हँगरला दोन बाजूंनी दोन प्लॅस्टिकच्या वाट्या दोऱ्यानं बांधा, चालतं. पोरांना सांगा या आठ पेट्या हलक्यापासनं जडपर्यंत लावा, पण एका वेळी दोनच पेट्या तागडीत टाकायच्या, आणि प्रत्येक वजनाला एका पोराने वहीत एक रेघ मारायची. कोणीतरी लगेच पेटी हातात घेऊन अंदाज घेणार, ते बंद करा. हा नियम फार कडक पाळा, कारण सगळा धडा त्यातच आहे. उंचीप्रमाणे रांगेत उभं राहा म्हटलं तर पोरं दोन सेकंदात उभी राहतात, कारण डोळ्याला सगळे एकदम दिसतात, कॉम्प्युटरला तसं काही दिसत नाही, तो दोन आकडे शेजारी ठेवतो आणि मोठा कुठला एवढंच बघतो. तागडीजवळ बसलं की पोराला पहिल्यांदा हे आंधळेपण जाणवतं.

(हा खेळ मूळचा माझा नाही हे सांगायला पाहिजे, न्यूझीलंडमध्ये कँटरबरी विद्यापीठातले टिम बेल आणि त्यांचे सहकारी १९९० च्या दशकापासनं कॉम्प्युटर न वापरता कॉम्प्युटर शिकवायचे असे बरेच खेळ लोकांना देतायत. काड्यापेट्या आणि हँगर तेवढे आपले.)

आता पोरं काय करतील ते सांगतो. पहिल्यांदा गोंधळ करतील, तीच जोडी दोनदा तोलतील, मधेच विसरतील, भांडतील. भांडू द्या. मग कोणीतरी म्हणेल आधी सगळ्यात हलकी शोधू. आठातनं सगळ्यात हलकी काढायला सात वजनं, मग उरलेल्या सातातनं सहा, मग पाच, असं करत एकूण २८. वहीत २८ रेघा आल्या की विचारा, याहून कमीत होईल का? आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड आहे ताई, मला अजून जमत नाही नीट, पण पाच मिनिटं तरी बसा.

नाहीच सुचलं तर एवढंच सुचवा की दोन-दोनच्या चार जोड्या करा. प्रत्येक जोडी तोलली, चार वजनं. मग दोन जोड्यांची एक रांग करायची, आणि इथे गंमत अशी की दोन्ही जोड्या आधीच लावलेल्या असल्यामुळे प्रत्येक वेळी फक्त दोन्हींतल्या सगळ्यात पुढच्या पेट्या तोलायच्या, हलकी निघेल ती नव्या रांगेत लावायची, मागच्यांना हातच लावायचा नाही. चार-चारच्या दोन रांगा झाल्या की त्यांची तशीच एक रांग करायची. जास्तीत जास्त किती वजनं लागतात बघा, जोड्यांना चार, चार-चारच्या दोन रांगांना सहा, शेवटच्या रांगेला सात, म्हंजे १७. त्याच पेट्या, तीच तागडी, २८ च्या जागी १७. पोरांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे येतं ते बघायला मी आजही कुठल्याही गावात जाईन.

पण इथे थांबू नका, कारण ११ वजनं वाचली यात काय मोठं असं कोणीतरी म्हणणारच, आणि बरोबर म्हणेल. तेव्हा फळ्याकडे जा आणि विचारा, पेट्या हजार असल्या तर? आधी अंदाज सांगू दे प्रत्येकाला, वहीत लिहू दे. मग मांडा. पहिल्या रीतीने ४,९९,५०० वजनं. दुसऱ्या रीतीने जास्तीत जास्त ८,९७७. एका वजनाला दहा सेकंद धरले तर दुसऱ्या रीतीला साधारण पंचवीस तास लागतात, आणि पहिल्या रीतीला रात्रंदिवस बसलं तरी जवळजवळ दोन महिने. हे गणित पोरांनाच करू द्या, कॅल्क्युलेटरवर का होईना. दुसऱ्या रीतीला मर्ज सॉर्ट म्हणतात, ती जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडली, आणि आजच्या घडीला तुमच्या फोनमध्ये याद्या लावणाऱ्या बऱ्याच प्रोग्रॅममध्ये तिचंच काहीतरी रूप असतं.

आणि आता, आता कुठे, अल्गोरिदम हा शब्द उच्चारा. तुम्ही ज्या दोन रीती केल्यात ना, त्यालाच अल्गोरिदम म्हणतात, एवढंच. पाहिजे तर सांगा की नवव्या शतकात बगदादमध्ये अल ख्वारिझ्मी नावाचे गणिती होते, त्यांनी आपल्या हिंदी अंकांनी हिशेब कसे करायचे यावर लिहिलं, ते युरोपात लॅटिनमध्ये गेलं आणि त्यांच्या नावाचाच अपभ्रंश होऊन हा शब्द आला. व्याख्या पोरंच करतील. माझ्या एका बॅचमधल्या पोराने केलेली व्याख्या होती, "दुसऱ्यानं आपल्याला न विचारता करता आलं पाहिजे आणि कधीतरी संपलं पाहिजे." पुस्तकातल्या व्याख्येत याहून वेगळं काय असतं सांगा.

दुसऱ्या दिवशी आकडा ओळखायचा खेळ घ्या. हा सगळ्यांना येतो, मी एक ते शंभरमधला आकडा धरलाय, तुम्ही विचारा, मी मोठा का लहान एवढंच सांगणार. पोरं पन्नास, पंचवीस असं आपणहून करायला लागतात, त्यांना शिकवावं लागत नाही. सातव्या प्रश्नाच्या आत आकडा सापडतोच. मग विचारा, शंभरला सात लागले तर हजारला किती? वर्गातली बहुतेक पोरं सत्तर म्हणतात. मोठी माणसंही म्हणतात, मी विचारून बघितलंय. उत्तर दहा. आणि एक कोटीला? चोवीस. दर प्रश्नाला निम्मं गळतं म्हणून. यादीतनं काही शोधायलाही हीच रीत चालते, पण यादी क्रमाने लावलेली पाहिजे, हे त्यांच्याकडनं काढून घ्या, वाचनालयाचंच उदाहरण आहे तुमच्याकडे, कपाटात पुस्तकं नंबराने लावलेली असतील तर पुस्तक असं शोधता येतं, आणि कशीही कोंबलेली असतील तर एकेक बघत बसावं लागतं. मग कालची तागडी कशासाठी होती तेही कळतं.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या धड्याकडे येतो. डहाणूला जन्मलेले द. रा. कापरेकर, देवळालीच्या शाळेत मास्तर होते, आयुष्यभर आकड्यांशी खेळत बसले, आणि १९४९ मध्ये त्यांनी जगाला ६१७४ दिला. कुठलाही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातनं लहान वजा करा. जे येईल त्याचं परत तेच. ३५२४ घेतला तर ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि ६१७४ चं केलं तर परत ६१७४. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत प्रत्येक आकडा तिथेच येतो. चौदा पोरांना चौदा आकडे द्या आणि सगळ्यांना एकाच ठिकाणी येऊन थांबलेलं बघा, पोरं आपली वही सोडून शेजाऱ्याच्या वहीत बघायला लागतात आणि त्यांना रागवावंसं वाटत नाही. लूप म्हंजे तेच काम परत परत करणं, ते काय असतं आणि थांबायचं कधी, दोन्ही त्यात आलं.

पण खरा धडा पुढे आहे. एका पोराला मुद्दाम २१११ द्या. २१११ वजा १११२, आले ९९९. आता तो पोरगा काय करतो बघा. ९९९ उलटं लावलं तरी ९९९, वजा केलं की शून्य, आणि तो हात वर करून सांगणार की ताई कापरेकर चुकले. कापरेकर चुकले नाहीत. ते ९९९ नाही, ०९९९ आहे. ९९९० वजा ०९९९ करा, ८९९१ येतात, आणि मग पुढे ८०८२, ८५३२, ६१७४. तुम्ही त्याला विचारा, तुला चार अंकी आकडा म्हणायचं होतं हे मला कळलं, पण तू लिहिलेल्या रीतीत ते कुठे लिहिलंय? पुढचं शून्य ठेवायचं हे आपल्या मनात होतं, कागदावर नव्हतं. आणि कॉम्प्युटरला फक्त कागद दिसतो. याला बग म्हणतात. हा एक बग स्वतःच्या हातानं पकडला की पुढच्या सहा महिन्यांचं काम होतं असं माझं मत आहे, आणि ते मी अनुभवावरनं सांगतोय.

इफ-एल्स, म्हंजे जर-नाहीतर, त्यासाठी तर तुम्हाला कुठे जायलाच नको. तुमच्या गावातल्या पोरांना सांगलीच्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे पाणीपातळीचे आकडे पाढ्यांसारखे पाठ असणार, ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, पावसाळ्यात घराघरात तोच विषय असतो. त्यांना सांगा, पातळीचा आकडा दिला की काय सांगायचं ते मराठीत लिहा, वर्गापुरतं असं धरू की ४० ला "सामान बांधा" आणि ४५ ला "बाहेर पडा". बहुतेक जण असं लिहितील, जर पातळी ४० किंवा जास्त असेल तर सांग सामान बांधा, नाहीतर जर ४५ किंवा जास्त असेल तर सांग बाहेर पडा, नाहीतर सांग काही नाही. वाचायला अगदी बरोबर वाटतं. मग म्हणा, आता तू कॉम्प्युटर हो, वरनं खाली एकेक ओळ वाच, आणि त्याला ५७ द्या, २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. पहिली ओळ, ५७ हे ४० पेक्षा जास्त आहे का, आहे, सांग सामान बांधा. संपलं. "नाहीतर" च्या पुढे तो जातच नाही. ५७ फुटाला सुद्धा हा प्रोग्रॅम सामान बांधा एवढंच म्हणतोय. एकदा हेच घेतलं तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला होता, कारण त्यातल्या चार घरांत पाणी आलेलं होतं. अटी लिहिताना मोठी अट आधी का, हे त्या वर्गाला मला परत कधी सांगावं लागलं नाही.

तुमच्या पोरांपैकीही कोणाच्या घरी वाईट आठवणी असतील, तर जरा बघून, जपून घ्या हे उदाहरण. पण टाळू नका असं मी म्हणेन, आपल्या जगण्यातलं आहे ते.

व्हेरिएबल, म्हंजे प्रोग्रॅममध्ये आकडा ठेवायची नाव दिलेली जागा. याला सगळेजण डबा म्हणतात, मी म्हणत नाही, कारण डब्यात पोरं दोन वस्तू ठेवतात. पाटी म्हणा, जुनी दगडी पाटी. नवीन आकडा लिहायचा तर जुना पुसावाच लागतो. आणि "धाव = धाव + १" ही ओळ पहिल्यांदा बघून हुशार पोरगं हमखास अडतं, कारण गणिताच्या तासाला बरोबर म्हंजे दोन्ही बाजू सारख्या, मग पाच बरोबर सहा कसं? तो प्रश्न फार चांगला आहे, तो विचारणाऱ्याला शाबासकी द्या, आणि सांगा की इथे ते चिन्ह "बरोबर" असं वाचायचंच नाही, "ठेव" असं वाचायचं, उजवीकडचं आधी काढ आणि डावीकडच्या पाटीवर ठेव. टुर्नामेंटला धावफलकावर बसलेलं पोरगं हेच करत असतं. मग दोन पाट्यांवरचे आकडे अदलाबदल करायला सांगा, तोंडी काही लक्षात ठेवायचं नाही या अटीवर, तिसरी पाटी लागते हे त्यांना आपोआप सापडेल.

आता भाषा. तुम्ही सर्वात आधी भाषेचं विचारलंत आणि मी इतक्या उशिरा येतोय याचं कारण असं की ते तेवढं महत्त्वाचं नाही. तरी विचारलंत तर पायथन घ्या. सी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी केली, युनिक्स ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला, म्हंजे ज्यांना सगळं येत होतं त्यांच्यासाठी. नवशिक्या पोराला त्यात पहिल्या ओळीपासनं अशा गोष्टी लिहाव्या लागतात ज्या आपण "हे नंतर सांगते" म्हणून ढकलतो, आणि तिथेच उतरवून घ्यायची सवय लागते. पायथनमध्ये एका ओळीत काहीतरी छापून येतं. पाचवी-सहावीची पोरं असती तर स्क्रॅच म्हणालो असतो, ते एमआयटीने २००७ मध्ये पोरांसाठीच केलंय, ठोकळे जोडायचे असतात. आठवी-नववीला थेट पायथन चालतं. जुन्या कॉम्प्युटरवरही चालतं, आणि त्यातलं टर्टल वापरा, कासव चालवून चित्र काढायचं. पण आधी मैदानात पोरालाच चालायला लावा. चौकोनाला चारदा ९० मध्ये वळायचं, ते सगळ्यांना जमतं. त्रिकोणाला पोरं ६० म्हणतात, कारण भूमितीत समभुज त्रिकोणाचा कोन ६० असतो, आणि चालून बघितलं की त्रिकोण होतच नाही, कासव भलतीकडेच जातं. वळायचं १२० मध्ये असतं, कारण तीन वळणांत पूर्ण एक फेरी, ३६०. भूमितीच्या सरांनाही दाखवायला सांगा.

इंग्रजीची काळजी मी तरी करणार नाही. पहिल्या महिन्यात इफ, एल्स, फॉर, व्हाइल, प्रिंट, इनपुट असे दहा-बारा शब्द लागतात, पोरं क्रिकेटमधनं याहून जास्त इंग्रजी शिकलीत. रीत मराठीत लिहू द्या, पूर्ण मराठीत, आपल्या बोलीत लिहिली तर अजून चांगलं, आणि मग तिच्याखाली पायथनची ओळ. फक्त एक गोष्ट इंग्रजीत वाचायला शिकवाच, ती म्हंजे चूक झाल्यावर येणारा लाल मजकूर. पोरं तो बघून घाबरतात आणि खिडकीच बंद करतात. सांगा की शेवटची ओळ आधी वाचायची, चूक कुठल्या प्रकारची आहे ते त्यात असतं, आणि तिच्या थोडं वर ओळीचा नंबर असतो. शेवटच्या ओळीत नेमएरर दिसलं तर स्पेलिंग तपास, इंडेंटेशनएरर दिसलं तर डावीकडची मोकळी जागा तपास, एवढ्यावर निम्मी कामं होतात. तो मजकूर म्हंजे रागावणं नाही, मदत आहे, हे पोरांना तुमच्या चेहऱ्यावरनं कळेल, म्हणून तुम्ही स्वतः मुद्दाम चूक करा आणि शांतपणे वाचून दाखवा.

दोन कॉम्प्युटरचं रडगाणं मला वाटत नाही तेवढं मोठं आहे. एका कॉम्प्युटरवर दोघं बसवा, कीबोर्ड एकाकडे, डोकं दुसऱ्याचं. कीबोर्डवाल्याने स्वतःचं काही टाइप करायचं नाही आणि सांगणाऱ्याने कीबोर्डला हात लावायचा नाही, सात मिनिटांनी घंटा, अदलाबदल. हे नाही केलं ना, तर ज्या पोराच्या घरी लॅपटॉप आहे तोच महिनाभर माऊस धरून बसेल आणि पाचही मुली मागे उभ्या राहून बघतील, मी हे झालेलं बघितलंय आणि वेळेवर थांबवलं नाही याचं अजून वाईट वाटतं. उरलेल्या दहा जणांना कागदी पट्ट्या द्या. चालणारा प्रोग्रॅम मोठ्या अक्षरात लिहायचा, एकेक ओळ कापायची, पट्ट्या पिसायच्या, आणि पोरांनी जमिनीवर बरोबर क्रमाने लावायच्या. लावून झालं की कॉम्प्युटर रिकामा झाल्यावर चालवून बघायचं, पण चालवायच्या आधी काय छापून येणार ते प्रत्येकाने वहीत लिहायचं. अंदाज लिहिल्याशिवाय एंटर दाबायचं नाही. हा एक नियम मी भिंतीवर चिकटवून ठेवलेला असतो. कारण अंदाज चुकला की पोरगं चिडतं आणि का चुकला ते शोधतं, आणि अंदाजच बांधला नसेल तर जे छापून आलं त्याला "बरोबर आलं" म्हणून पुढे जातं.

आता तो मुलगा. परीक्षेला येणार हाय का म्हणाला तो. त्याच्यावर चिडू नका, तुम्ही चिडला नसालच, पण मनाला लागलंय ते पत्रातनं दिसतंय. त्याला खरं सांगा, नाही येणार. तो विचारत होता कारण त्याच्यासमोर उतरवून घ्यायचा मजकूर होता, आणि उतरवून घ्यायच्या मजकुराचा शाळेत एकच उपयोग असतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच विचारलं असतं. आणि खरं म्हंजे बाकीची सात पोरं न विचारता गेली, याने निदान विचारलं. मी त्याला रेघा मोजायला बसवेन, पहिल्याच दिवशी, २८ आणि १७ त्याच्या वहीत पडू देत. आणि जी सात पोरं यायची बंद झाली त्यांना निरोप धाडा की वाचनालयात तागडी आणलीय, या बघायला.

एक बारकावा राहिला. पहिल्या दिवशी आठही पेट्यांच्या वजनात तागडीला कळेल इतका फरक ठेवा, नाहीतर वाद होतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र दोन पेट्या कोणाला न सांगता अगदी सारख्या वजनाच्या करून ठेवा. पारडी समान उभी राहतील, आणि कोणीतरी विचारेल, "ताई, सारखं आलं तर काय करायचं? आपल्या रीतीत लिहिलंच नाही." उत्तर देऊ नका. खडू त्याच्या हातात द्या आणि तुम्ही बाकावर बसा.